फाइल टाकली तरी टीव्हीवर दिसत नाही? घरच्या मीडिया सर्व्हरचं ऑटो स्कॅन कसं ताळ्यावर आणायचं

गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या रात्री लक्ष्मी रोडला ताटकळत उभं राहून काढलेले मिरवणुकीचे चाळीसेक व्हिडिओ मी सकाळी लॅपटॉपवरून घरच्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकले, आईला सांगितलं की आता टीव्हीवर बघ, आणि हिंजवडीला निघालो. चांदणी चौकात पोचतोय न पोचतोय तोच फोन. "अरे, टाकलेस म्हणालास ना, इथे तर मागच्या वर्षीचेच दिसतायत." म्हटलं आई जरा थांब, आपोआप येतील. आई थांबली. संध्याकाळी घरी आलो तरी टीव्हीवर मागच्या वर्षीचंच पथक ताशा बडवत होतं.

आता हे "आपोआप", म्हणजे नवीन फाइल सर्व्हरने स्वतः हुडकून यादीत घेणारं ऑटो स्कॅन, का होत नाही ते शोधायला मला तेव्हा तीन रात्री लागल्या, कारण मी जे दिसेल ते बदलत सुटलो होतो. तुम्हाला तेवढा वेळ लागायचं कारण नाही. माझ्याकडे जेलीफिन आहे, म्हणजे घरचे व्हिडिओ-गाणी टीव्हीवर दाखवणारा सर्व्हर प्रोग्रॅम, म्हणून नावं त्यातली देतोय, पण प्लेक्स किंवा एम्बी असेल तरी दुखणं तेच आणि औषधही जवळपास तेच. आणि हो, कमांडा मी इथे बोलल्यासारख्या मराठीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

माझा सेटअप आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. तपकीर गल्लीतून घेतलेला एक सेकंडहँड छोटा ऑफिस पीसी, त्यावर लिनक्स आणि जेलीफिन. त्याला यूएसबीने जोडलेली एक मोठी ड्राइव्ह, त्यात आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली गाणी आणि कीर्तनं. आणि बाजूला एक वेगळा नॅसचा डबा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली ठेवायची पेटी, त्यात घरचे व्हिडिओ, जो पीसीवर नेटवर्कने माउंट केलेला, म्हणजे पीसीला आपल्याच फोल्डरसारखा दिसणारा. गंमत अशी की या सेटअपमध्ये ऑटो स्कॅन तीन वेगवेगळ्या कारणांनी बंद पडत होतं आणि मी एकच कारण शोधत बसलो होतो.

पहिलं काम, हाताने स्कॅन मारा

काहीही सेटिंग बदलायच्या आधी डॅशबोर्डवर जाऊन "स्कॅन ऑल लायब्ररीज" दाबा आणि ते पूर्ण होऊ द्या. फाइल आली का? आली, तर सर्व्हरला फाइल वाचता येते, नाव कळतं, सगळं ठीक आहे, फक्त फाइल आल्याची वर्दी त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. नाही आली, तर वर्दीचा प्रश्नच नाही, मग परमिशन (वाचायची परवानगी), पाथ (फोल्डरचा पत्ता) किंवा फाइलचं नाव यात घोळ आहे आणि तुम्ही मॉनिटरिंगच्या सेटिंगशी कितीही खेळलात तरी काही होणार नाही. ही दोन दुखणी पूर्ण वेगळी आहेत. माझ्या तीन रात्रींतली पहिली अख्खी रात्र हे न केल्यामुळे गेली.

दुसरं, सेटिंग खरंच चालू आहे का ते बघा, हसू नका, बघा. जेलीफिनमध्ये हे प्रत्येक लायब्ररीला वेगळं असतं. डॅशबोर्ड, मग लायब्ररीज, लायब्ररीच्या तीन टिंबांवर क्लिक, मग मॅनेज लायब्ररी, आणि तिथे "एनेबल रियल टाइम मॉनिटरिंग" अशी टिकमार्क. गाण्यांच्या लायब्ररीला आहे म्हणून व्हिडिओच्या लायब्ररीलाही असेल असं नाही. प्लेक्समध्ये "स्कॅन माय लायब्ररी ऑटोमॅटिकली" आणि त्याखालचं बदल दिसल्यावर पार्शल स्कॅन करायचं, अशा दोन टिका आहेत, पहिली तर लागतेच.

तिसरं, थांबा. म्हणजे खरंच थांबा. जेलीफिन बदल दिसल्या दिसल्या स्कॅन करत नाही, मुद्दाम ६० सेकंद थांबतो, आणि त्या वेळात त्याच फोल्डरमध्ये अजून काही हललं तर पुन्हा पहिल्यापासून मोजतो. कारण उघड आहे, तुम्ही चाळीस फाइली कॉपी करताय तर प्रत्येक फाइलीला धावत जाऊन काय उपयोग. त्यामुळे मोठी कॉपी चालू असताना "येतच नाहीये, येतच नाहीये" म्हणून रिफ्रेश मारत बसू नका, कॉपी संपल्यावर दोन मिनिटं द्या, चहा टाका.

वॉचमन कुठे बसलाय

हे थोडं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. लिनक्समध्ये फोल्डरवर लक्ष ठेवायचं काम सर्व्हर स्वतः करत नाही, ते कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, आयनोटिफाय नावाची सोय करते, २००५ पासून आहे ती. सर्व्हर कर्नलला सांगतो की या फोल्डरवर लक्ष ठेव, काही झालं तर मला सांग. सोसायटीच्या वॉचमनसारखं समजा. पण या वॉचमनच्या चार सवयी आहेत. एक, तो फक्त एकाच दारावर बसतो, आतल्या फोल्डरवर वेगळा वॉचमन, त्याच्या आतल्यावर आणखी वेगळा. दोन, वॉचमन किती ठेवायचे याला मर्यादा आहे. तीन, त्याला फक्त आपल्या गेटमधून गेलेलं दिसतं, मागच्या कंपाउंडवरून कोणी आत उडी मारली तर त्याला पत्ता नसतो. आणि चार, दार काढून नेलं की तो खुर्ची उचलून घरी जातो, दार परत बसवलं म्हणून आपणहून परत येत नाही.

माझी तिन्ही दुखणी या चारात निघाली.

एक चाचणी जी सगळ्यात आधी करायला हवी होती

आयनोटिफाय-टूल्स नावाचं एक छोटं पॅकेज असतं, उबंटू डेबियनवर सरळ अ‍ॅप्टने येतं. त्यात आयनोटिफायवेट नावाची कमांड आहे. तिला एम आणि आर असे दोन पर्याय द्या, एम म्हणजे बघत राहा आणि आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, आणि पुढे तुमच्या मीडिया फोल्डरचा पाथ. ती "वॉचेस एस्टॅब्लिश्ड" म्हणाली की गप्प बसते. आता ती खिडकी तशीच ठेवा आणि तुम्ही नेहमी जशी फाइल टाकता अगदी तशीच एक फाइल टाका. लॅपटॉपवरून टाकत असाल तर लॅपटॉपवरूनच टाका, सर्व्हरवर बसून दुसऱ्या खिडकीत टच कमांड मारून फाइल बनवू नका, तो खेळ वेगळा आहे.

खिडकीत क्रिएट, क्लोज राइट किंवा मूव्हड टू असं काही उमटलं तर कर्नलला कळतंय आणि पुढचा घोळ सर्व्हरच्या बाजूचा आहे. काहीच उमटलं नाही तर सर्व्हरचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. मी जेव्हा हे पहिल्यांदा केलं तेव्हा लॅपटॉपवरून व्हिडिओ टाकला, खिडकी ढिम्म. मग पीसीवर बसून त्याच फोल्डरमध्ये टच मारलं, लगेच ओळ आली. तेव्हा ट्यूब पेटली.

नेटवर्कवरचा फोल्डर

माझा पीसी नॅसवरचा फोल्डर एनएफएस या नेटवर्क पद्धतीने माउंट करून बघत होता. लॅपटॉप मात्र फाइल थेट नॅसवर टाकत होता. म्हणजे फाइल पीसीच्या कर्नलमधून गेलीच नाही, मग त्याच्या वॉचमनला दिसणार कशी? मागच्या कंपाउंडवरून उडी. हा बग नाही, आयनोटिफायच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की नेटवर्क फाइलसिस्टिमवर दुसऱ्या मशीनने केलेले बदल याला कळत नाहीत. एनएफएस असो नाहीतर सांबा शेअर (विंडोज पद्धतीचा नेटवर्क फोल्डर) असो, लिनक्सवर माउंट केलं की हेच. विंडोजवर सर्व्हर आणि विंडोजचाच शेअर असेल तर बऱ्याचदा चालतं म्हणून कोणीतरी म्हणतं "माझ्याकडे तर होतं बुवा", त्याचंही खरं आणि तुमचंही खरं.

असंच अजून तीन ठिकाणी होतं. आरक्लोनने माउंट केलेला क्लाउड ड्राइव्ह. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय) टाकून आत जेलीफिन चालवणं आणि मीडिया विंडोजच्या डी ड्राइव्हवर ठेवणं, तिथे विंडोजकडचे बदल आतल्या लिनक्सपर्यंत पोचत नाहीत. आणि मर्जरएफएस नावाचा प्रोग्रॅम वापरून तीन चार डिस्क एक केल्या असतील आणि फाइल तुम्ही एकत्र फोल्डरमध्ये न टाकता थेट एखाद्या आतल्या डिस्कवर टाकत असाल तर.

उपाय तीन आहेत. सगळ्यात स्वच्छ म्हणजे सर्व्हरच नॅसवर चालवणं, जिथे फाइली तिथेच वॉचमन. पण माझा नॅस इतका अशक्त आहे की व्हिडिओ ट्रान्सकोड करायला, म्हणजे टीव्हीला चालेल अशा रूपात बदलायला घेतला की धापा टाकतो, म्हणून ते बाद. दुसरा, फाइल टाकायचा रस्ता बदलणं, म्हणजे लॅपटॉपने नॅसवर न टाकता पीसीवरच्या शेअरमधून टाकायची, पीसी ती पुढे नॅसवर लिहितो आणि जाता जाता त्याच्या कर्नलला कळतं. चालतं, पण डेटा नेटवर्कवर दोनदा फिरतो आणि घरातल्या बाकीच्यांना ही शिस्त लावणं अशक्य आहे, मी लावून बघितलीये.

तिसरा मी केला. नॅसवर टर्मिनल मिळत असेल तर आयनोटिफायवेट तिथेच चालवायचं, कारण फाइली तिथे खऱ्या डिस्कवर उतरतात, आणि काही आलं की नॅसने जेलीफिनला फोन करायचा. फोन म्हणजे कर्ल कमांडने ८०९६ पोर्टवर "/लायब्ररी/रिफ्रेश" या पत्त्यावर एक पोस्ट रिक्वेस्ट, सोबत हेडरमध्ये एपीआय की, म्हणजे ओळख पटवणारा पासवर्डसारखा कोड. ही की डॅशबोर्डमध्ये एपीआय कीज या पानावर बनवता येते. स्क्रिप्ट पाच ओळींची आहे, इव्हेंट येईपर्यंत थांब, आला की दोन मिनिटं झोप, मग कर्ल मार, आणि पुन्हा पहिल्यापासून. ती दोन मिनिटांची झोप विसरू नका. मी विसरलो होतो, पहिल्याच कॉपीला नॅसने जेलीफिनला मिनिटात शंभर वेळा उठवलं.

इतकं सगळं नको असेल तर शेड्यूल्ड टास्क्समध्ये "स्कॅन मीडिया लायब्ररी" आहे, मुळात ते दर १२ तासांनी चालतं, ते तासावर आणा. छोट्या लायब्ररीला काही फरक पडत नाही. पुष्कळ लोकांना खरं तर एवढंच पुरतं.

डिस्क रिकामी आहे आणि म्हणतो जागा नाही

हे दुखणं गाण्यांच्या ड्राइव्हचं. ती यूएसबीने थेट जोडलेली, नेटवर्कचा संबंध नाही, तरी नवीन गाणी कधी येत कधी नाहीत. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला, तो /व्हार/लॉग/जेलीफिन मध्ये असतो, आणि त्यात आयनोटिफायची मर्यादा संपली अशा अर्थाची ओळ, पुढे कंसात ८१९२. त्याआधी आयनोटिफायवेट चालवलं होतं तेव्हा तेही कुरकुरलं होतं. आणि यातला सगळ्यात वाईट भाग असा की कर्नल या परिस्थितीत जो एरर देतो त्याचा शब्दशः अर्थ "डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही" असा होतो. काही प्रोग्रॅम तो तसाच्या तसा छापतात. मी भाबडेपणाने चाळीस जीबी जुनं काय काय उडवलं, तरी तेच. डिस्कमध्ये जागा भरपूर होती, संपले होते ते वॉचमन.

आधी हिशोब करा. तुमच्या मीडियात फोल्डर किती आहेत ते मोजा, फाइंड कमांडला टाइप डी म्हणजे फक्त फोल्डर असं सांगून पुढे ओळी मोजायची डब्ल्यूसी लावा. फाइली कितीही असू देत, मोजायचे ते फोल्डर. व्हिडिओंना फोल्डर कमी लागतात पण गाण्यांना गायकाचा एक, आत अल्बमचा एक, असं करत माझ्याकडे नऊ हजारावर गेले होते. आता मर्यादा बघा, /प्रॉक/सिस/एफएस/आयनोटिफाय या फोल्डरमध्ये मॅक्स युजर वॉचेस नावाची फाइल आहे, ती कॅट कमांडने उघडून बघा. कर्नल ५.११ च्या आधी, म्हणजे २०२१ च्या आधीच्या कर्नलला हा आकडा मुळात ८१९२ असायचा. त्यानंतरचे कर्नल रॅम बघून आकडा ठरवतात, ८१९२ पासून १०४८५७६ पर्यंत कुठेही. म्हणजे नवीन लिनक्स आणि बऱ्यापैकी रॅम असेल तर तुम्हाला हा त्रास होणारच नाही, पण जुन्या मशीनवर जुनं लिनक्स चालवणारे आपण बरेच आहोत.

वाढवायचं असं. /ईटीसी/सिसकंट्रोल डॉट डी या फोल्डरमध्ये, स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल, कॉन्फ एक्स्टेन्शनची एक नवीन फाइल करा. तिच्यात एकच ओळ, "एफएस डॉट आयनोटिफाय डॉट मॅक्स अंडरस्कोर युजर अंडरस्कोर वॉचेस", बरोबरचं चिन्ह, ५२४२८८. सेव्ह करून सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, सिसकंट्रोल कमांड चालवा, पुढे दोन डॅश देऊन सिस्टिम. मग जेलीफिन रिस्टार्ट करा, नाहीतर जे वॉचमन लावायचे राहिले ते राहिलेलेच राहतील. रॅमची काळजी असेल तर, ६४ बिट मशीनवर एक वॉच साधारण एक केबी खातो, आणि तोही वापरला तरच. माझे नऊ हजार म्हणजे नऊ एमबी, काहीच नाही. त्याच फोल्डरमध्ये मॅक्स युजर इन्स्टन्सेस नावाचा दुसरा आकडा असतो, बहुतेक ठिकाणी १२८. खूप कंटेनर चालवत असाल तर तोही संपतो, तेव्हा लॉगमध्ये वॉचेसऐवजी इन्स्टन्सेस असा शब्द दिसेल, त्याला ५१२ करा.

यात एक पाचर आहे. ही मर्यादा प्रत्येक युजरला असते, प्रत्येक प्रोग्रॅमला नाही. फोनवरचे फोटो आणायला मी सिंकथिंग वापरतो, तोही असाच फोल्डर बघत बसतो आणि त्याचेही वॉचमन लागतात. दोन्ही कंटेनर एकाच युजर आयडीने चालवले असतील तर दोघं एकाच कोट्यातून खातात. आणि डॉकरमध्ये आत जाऊन मर्यादा वाढवायचा प्रयत्न करू नका, कर्नल होस्टचाच, म्हणजे बाहेरच्या मूळ मशीनचाच असतो, बदल होस्टवरच करायचा.

गुरुवारची गोष्ट

आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार गुरुवार. राउटर इन्व्हर्टरवर आहे, सर्व्हर नाही. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी नेहमी गाण्यांचं ऑटो स्कॅन बंद असतं आणि मी वैतागून रिस्टार्ट केलं की चालू होतं.

काय होत होतं तर लाइट आली की पीसी पटकन उठायचा, जेलीफिन उठायचा, आणि यूएसबी ड्राइव्ह, जिला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे, ती सावकाश फिरायला लागून नंतर माउंट व्हायची. तोवर जेलीफिनने /एमएनटी/गाणी या फोल्डरवर वॉचमन बसवलेला. पण तेव्हा तो फोल्डर म्हणजे माउंटच्या खालचा रिकामा सांगाडा. मग त्यावर ड्राइव्ह येऊन बसली, आणि वॉचमन खाली अंधारात रिकाम्या खोलीवर लक्ष ठेवून बसला. लॉगमध्ये फोल्डर सापडत नाही किंवा रिकामा आहे, सोडून देतोय, अशा अर्थाची ओळ दिसली तर हेच समजा. चालू असताना केबल हलून ड्राइव्ह सुटली आणि परत जोडली तरी तेच, कर्नल त्या वॉच काढून टाकतो आणि परत लावत नाही.

दोन गोष्टी करा. ड्राइव्ह डेस्कटॉपच्या ऑटो माउंटवर सोडू नका, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत, तिच्या यूयूआयडीने (ड्राइव्हचा कायमचा ओळख क्रमांक) पक्की नोंदवा आणि नोफेल पर्याय द्या, म्हणजे कधी ड्राइव्ह मेलीच तर पीसी बूट तरी होईल. ऑटो माउंटचा अजून एक ताप म्हणजे ड्राइव्ह झटक्यात सुटली तर पुढच्या वेळी तीच ड्राइव्ह नावापुढे १ लावून वेगळ्या पाथवर बसते आणि लायब्ररीचा पाथ जुनाच. दुसरी गोष्ट, सिस्टिमसीटीएल एडिट जेलीफिन असं म्हणून युनिट या भागाखाली "रिक्वायर्स माउंट्स फॉर" ही ओळ सलग एका शब्दात लिहा आणि बरोबरच्या चिन्हापुढे माउंटचा पाथ द्या. मग ड्राइव्ह आल्याशिवाय जेलीफिन उठतच नाही. डॉकर असेल तर कंटेनरही ड्राइव्ह आल्यानंतरच सुरू व्हायला हवा, नाहीतर कंटेनरला आत तो रिकामा सांगाडाच दिसत राहतो, बाहेरून तुम्हाला सगळं छान दिसतं आणि डोकं फिरतं.

प्लेक्सवाल्यांनी अजून एक करा, स्कॅननंतर ट्रॅश आपोआप रिकामा करायची टिक काढून टाका. नाहीतर ड्राइव्ह नसताना स्कॅन झाला की सगळं गायब झालं समजून तो लायब्ररीतून काढून टाकेल.

हाताने स्कॅन मारूनही येत नसेल तर

इथे बहुतेक वेळा परमिशन असते. जेलीफिन तुमच्या नावाने चालत नाही, जेलीफिन नावाच्याच वेगळ्या युजरने चालतो. त्याच्या डोळ्यांनी बघा, सुडोला यू पर्याय आणि जेलीफिन हे नाव देऊन एलएस, म्हणजे फोल्डरची यादी दाखवणारी कमांड, चालवा. परमिशन डिनाइड आलं की कळलं. फक्त शेवटचा फोल्डर नाही, वाटेतला प्रत्येक फोल्डर त्याला ओलांडता आला पाहिजे, आणि ते बघायला नेमआय नावाची कमांड एल पर्यायासह सुंदर आहे, अख्खा पाथ एकेका पायरीने दाखवते. उबंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डरला ७५० परमिशन असते, म्हणजे होममधल्या व्हिडिओज फोल्डरमध्ये ठेवलेलं जेलीफिनला दिसत नाही. आणि डेस्कटॉपने /मीडिया खाली तुमच्या नावाने माउंट केलेली ड्राइव्ह तर फक्त तुम्हालाच उघडते. म्हणून /एमएनटी खाली किंवा /एसआरव्ही खाली ठेवा, कटकट नको.

डॉकरमध्ये पाथ कंटेनरच्या आतला द्यायचा असतो, बाहेरचा नाही, हे एवढं सांगून पुढे जातो.

फोल्डरमध्ये डॉट इग्नोर नावाची रिकामी फाइल पडलेली असेल तर जेलीफिन तो अख्खा फोल्डर सोडून देतो. टिंबाने सुरू होणारे फोल्डरही. आणि घरचे व्हिडिओ "मूव्हीज" प्रकारच्या लायब्ररीत टाकू नका, "होम व्हिडिओज अँड फोटोज" असा वेगळा प्रकार आहे, नाहीतर तुमच्या मुंजीच्या व्हिडिओला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर लागतं.

आता एक खास आपलं दुखणं, जे इंग्रजी गाइडमध्ये तुम्हाला मिळणार नाही. बहिणीने मॅकवरून "दुसऱ्या दिवशीची मिरवणूक" नावाचा फोल्डर पाठवला. मी लायब्ररीत पाथ टाइप करून दिला, अक्षर न अक्षर बरोबर, तरी सर्व्हर म्हणतो असा फोल्डर नाही. अर्धा तास मी दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून बघत होतो. दोष त्या "ऱ्या" मध्ये निघाला. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकच अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक खाली नुक्ता असं दोन तुकड्यांतही, आणि काही कीबोर्ड तर तिसऱ्याच पद्धतीने, र, हलंत आणि एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकून ते लिहितात. स्क्रीनवर तिन्ही एकसारखे. लिनक्सला मात्र बाइट्स वेगळे म्हणजे नाव वेगळं. उपाय सोपा, पाथ टाइप करू नका, ब्राउझ करून निवडा. आणि लायब्ररीच्या मुळाशी असलेले फोल्डर इंग्रजी अक्षरात ठेवा, आत मराठी नावं खुशाल द्या.

खुशाल द्या पण आखूड द्या. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क फॉरमॅटवर एका नावाला २५५ बाइट्स मिळतात आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट्स खातं, काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली "अमुक यांच्या षष्ट्यब्दीपूर्ती सोहळ्यानिमित्त" वगैरे नावं तिथे सहज आपटतात आणि कॉपीच होत नाही.

अर्धवट कॉपी झालेल्या फाइली

हे कमी वेळा होतं पण झालं की फार गोंधळ. मोठी फाइल हळू वायफायवरून येत असताना मध्येच नेटवर्क दोन मिनिटं अडखळलं तर जेलीफिनला वाटतं आली, तो अर्धवट फाइल वाचतो आणि लांबी चुकीची दाखवतो किंवा उघडतच नाही. म्हणून मी मीडियाच्याच डिस्कवर पण लायब्ररीच्या बाहेर एक "आवक" फोल्डर केलाय. सगळं आधी तिथे येतं आणि पूर्ण झालं की आत हलवायचं. एकाच फाइलसिस्टिमवर हलवणं म्हणजे फक्त नाव बदलणं, क्षणात होतं, वॉचमनला एकच मूव्हड टू दिसतं आणि फाइल अख्खी असते. वेगळ्या डिस्कवरून हलवलंत तर ती पुन्हा कॉपीच झाली, मग उपयोग नाही.

आणि हे सगळं नीट झाल्यावरही रोजचा एक पूर्ण स्कॅन ठेवा, कारण वॉचमन कधीतरी डुलकी काढतोच. मी पहाटे ३ ला ठेवला होता, तर ड्राइव्ह झोपेतून जागी होताना असा खरखर आवाज करायची की हॉलमध्ये झोपणारे बाबा दचकून उठायचे. आता साडेपाचला आहे, तेव्हा आई उठलेली असते आणि तिची पाण्याची मोटर त्याहून मोठा आवाज करते.